जांभूळ आमच्याच आवारातलं, तरी परवानगी?

प्रश्न : ठाण्यात नौपाड्याला आमची जुनी सोसायटी आहे. आवारातलं जांभूळ तळमजल्यावरच्या आजींनी 1971 साली लावलेलं. मे-जूनमध्ये फळांनी गाड्या डागाळतात, गेल्या पावसाळ्यात एक फांदी स्कूटरवर पडली. झाड तोडावं असं बहुतेकांचं मत आहे. जागा आमची, झाड आमचं. तरी महापालिकेला विचारावं लागेल का?
– सोसायटीच्या सचिव

उत्तर : हो, विचारावंच लागेल. झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा 1975 चा कायदा खासगी आवारालाही लागू आहे. अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. मग पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहीर होतं आणि कुणालाही हरकत घेता येते. या कायद्यात ‘तोडणं’ म्हणजे नुसती करवत चालवणं नाही. झाड जाळणं, त्याला कशाही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात येतं. ‘बुंध्यात गुपचूप काहीतरी ओतू’ असं सभेत कुणी सुचवलं, तर तिथल्या तिथे थांबवा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते आजींचं 1971 साल. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ मानलं जातं. शिवाय तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावून जगवायची जबाबदारी येते. पन्नासाहून जास्त रोपं नौपाड्यातल्या आवारात कुठे लावाल?

म्हणून तोडण्याचा नको, छाटणीचा अर्ज करा. जांभळाची फांदी ठिसूळ, कडकन मोडते; वाळक्या आणि पार्किंगवर झुकलेल्या फांद्या उतरवल्या की धोका बराच कमी होईल. पावसाच्या तोंडावर सगळेच धावतात, तुम्ही थंडीतच अर्ज द्या. फळांच्या महिनाभर झाडाखालच्या गाड्या हलवा, नाहीतर खाली जाळी बांधा.

आणि बुंध्याशी वाकून बघा. पेव्हर ब्लॉक अगदी सालीला टेकलेत का? आमच्या गल्लीतल्या जांभळाला असंच गच्च आवळलं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात ते मुळांसकट आडवं झालं. मुळं हातभर लांब, काळी, बोटाने दाबली तर भुगा होणारी. ते बघून मला रडू आलं होतं. तुमच्याकडे तसं असेल तर बुंध्याभोवती मीटरभर जागा उकरून माती मोकळी करा. फक्त पहार जपून वापरा, मूळ तुटायला नको.

आजींकडून झाड लावल्याची हकीकत सही-तारखेनिशी लिहून घ्या. जुना फोटो असेल तर तोही अर्जाला जोडा.