पांढऱ्यात पांढरं शोधताना

(वाचकांचे प्रश्न. या वेळी उत्तरं देत आहेत सोलापूरच्या अशोक चौकात वाढलेल्या आणि सध्या मुंबईत स्तनाच्या कर्करोगाच्या प्रतिमांवर संशोधन करणाऱ्या एक शास्त्रज्ञ.)

ताई, मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही डॉक्टर नाही, तरी कर्करोगावर काम करता. म्हणजे रोज नेमकं काय करता? आणि मला तिथवर यायचं असेल तर?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

मी पेशंट तपासत नाही आणि रिपोर्टही लिहीत नाही. ते रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफीसारख्या प्रतिमा वाचणाऱ्या डॉक्टरांचं काम. त्यांच्या पडद्यावर येणाऱ्या प्रतिमेत गाठ दिसण्याजोगी आहे का, आणि ती शोधायला संगणकाची मदत कितपत विश्वासाची, हे तपासणं माझं काम. तुझं फिजिक्स पहिल्या दिवसापासून लागतं. छातीच्या एक्स-रेला शंभराच्या पुढे किलोव्होल्ट वापरतात, मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेला, मात्र साधारण २५ ते ३५. कारण चरबी, ग्रंथी आणि गाठ यांच्यातला फरक कमी ऊर्जेच्या किरणांतच नीट उठून दिसतो. यंत्राची परीक्षा घ्यायला फँटम असतो. हा ॲक्रिलिकचा ठोकळा, आत बारीक धागे, कण आणि खोट्या गाठी बसवलेल्या. त्यातलं ठरलेलं सगळं दिसलं नाही, तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत त्यावर कुणाची तपासणी करायची नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो प्रतिमेतली बाई पुढे कशी होती हे शोधण्यात. फिल्मवर संशय आला तर बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, निकाल हातात येतो. 'काही नाही' म्हटलेल्या फिल्मचं काय? ती खरंच निर्दोष होती का, हे वर्ष-दोन वर्षांनी कळतं. मधल्या काळात गाठ निघाली, तर ती जुनी फिल्म आम्हाला सगळ्यात जास्त शिकवते. तोवर त्या बाईंचा फोन नंबर बदललेला असतो, त्या लेकीकडे पुण्याला गेलेल्या असतात, नाहीतर दुसऱ्याच दवाखान्यात उपचार घेतलेले असतात. हा दुवा जुळला नाही तर कितीही हुशार सॉफ्टवेअर आणा, त्याला शिकवायचं काय?

स्वीडनमध्ये ८० हजारांवर बायकांच्या तपासणीत एआयची मदत घेऊन पाहिली. २०२३ साली आलेल्या पहिल्या निष्कर्षांत कर्करोग सापडण्याचं प्रमाण घटलं नव्हतं आणि डॉक्टरांचं फिल्म वाचण्याचं काम सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झालं होतं. तिथे प्रत्येक माणसाला एक क्रमांक असतो आणि देशभराची कर्करोग नोंदणी असते, म्हणून हे शक्य झालं. आपल्याकडे कर्करोग तुलनेनं कमी वयात दिसतो, आणि त्या वयात स्तन जास्त घन असतो, म्हणजे त्यात चरबी कमी आणि ग्रंथी जास्त. त्यामुळे तिकडे शिकलेलं सॉफ्टवेअर आपल्या बायकांच्या फिल्मवर तपासून पाहिल्याशिवाय मी त्यावर भरवसा ठेवणार नाही.

एकदा बार्शीला जाऊन ये. ग्रामीण भागासाठीची देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथे सुरू झाली. पेशंट दवाखान्यात येण्याची वाट न पाहता तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून नोंदी करत आले. प्रतिमांच्या क्षेत्रात आम्हाला जे मिळत नाही, ते या माणसांनी पायी फिरून मिळवलं. माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर आहे.

आता वाट. नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी प्रवेशपरीक्षा देऊन पीएचडीला जाता येतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमाही आहे, पण तिथून बहुतेक जण रेडिओथेरपीकडे, म्हणजे किरणांनी उपचार करण्याकडे, वळतात. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शीक आणि संख्याशास्त्र मनापासून कर. हजार बायकांत पाच जणींना कर्करोग असेल, तर सगळ्यांनाच 'ठीक' म्हणणारं सॉफ्टवेअरसुद्धा साडेनव्याण्णव टक्के अचूक ठरतं! जाहिरातीत तोच आकडा छापतात. त्या पाचातल्या किती सापडल्या, हा प्रश्न ज्याला सुचतो तो आमच्या कामाचा.

माझ्या जाऊबाई ४३ वर्षांच्या. मॅमोग्राफीत काही निघालं नाही, तरी 'स्तन घन आहेत, सोनोग्राफी करावी' असं लिहून दिलंय. मशीन जुनं होतं का? की उगाच खर्च?
– एक वाचक, विडी घरकुल

मशीनचा दोष नाही आणि खर्चही उगाच नाही. मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी पांढऱ्या, आणि गाठही पांढरीच. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होते. रंगीत टॉवेलमधला पांढरा धागा त्यांना लांबून दिसायचा, पांढऱ्या टॉवेलमधल्यासाठी मात्र कापड उजेडावर धरावं लागायचं. घन स्तनाचं तसंच आहे. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते आणि तिच्यात गाठ बहुधा काळसर दिसते, म्हणून ती करायला सांगतात.

घनता हा आजार नव्हे. चाळिशीत ती बऱ्याच जणींची असते, आणि हाताला स्तन मऊ लागतो की घट्ट यावरून ती कळत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ४९,५०० बायकांवरच्या अभ्यासात २००५ साली दिसलं, की पन्नाशीच्या आतल्या आणि घन स्तनाच्या बायकांत जुन्या फिल्मपेक्षा डिजिटल मॅमोग्राफी सरस ठरते. तेव्हा तपासणी डिजिटल होती का, एवढं जरूर विचारा.

आणि हे जाऊबाईंना माझ्याकडून सांगाच: हाताला गाठ लागत असेल, कातडीला खळी पडली असेल, बोंड आत ओढलं गेलं असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर मॅमोग्राफी नॉर्मल आली म्हणून थांबायचं नाही, डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं. रिपोर्ट इंग्रजीत असतो, तुमच्या भागात घरात तेलुगू बोलतात; डॉक्टरांना सांगा, समजेल अशा भाषेत सांगा म्हणून. त्यात संकोच कसला?

इतकं दाबतात, वर किरणं. त्यानंच कर्करोग होणार नाही का?
– एक वाचक, पंढरपूर

दाबल्यानं होत नाही. दाब काही सेकंदांचा असतो. त्यानं थर पसरतात, गाठ झाकली जात नाही आणि किरणंही कमी लागतात. दोन्ही बाजूंच्या मिळून चार फिल्म काढल्या, तर निसर्गातून दोनेक महिन्यांत अंगावर येतो साधारण तेवढाच किरणोत्सर्ग होतो. धोका शून्य नाही, पण फार लहान आहे. योग्य वयात तपासणीचा फायदा त्याहून कितीतरी मोठा.

आमच्या गावात मॅमोग्राफीचं मशीनच नाही. सासूबाई ५५ च्या आहेत. काय करू?
– एक वाचक, करमाळा तालुका

मशीनसाठी अडून राहू नका. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ साली दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी करत. २०२१ साली निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. माझं आयुष्य मशीनच्या प्रतिमांत गेलं तरी तुमच्या सासूबाईंसाठी आज मी हाच उपाय सांगेन.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाची तपासणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात चौकशी करा; आशाताईंना तपासणीचा दिवस माहीत असतो. गाठ लागली तर तिथून चिठ्ठी घेऊन बार्शी किंवा सोलापूर गाठा. आणि तपासणीला सासूबाईंना एकटं पाठवू नका, तुमचीही तिथेच करून घ्या.