गहू भिजत घातलेत आणि ॲप म्हणतंय पाऊस!

एप्रिल संपत आला की या सदराकडे एकच प्रश्न दहा तऱ्हांनी येतो, पुढचा आठवडा कसा जाणार. सकाळी डोकं फुटेल असं ऊन, दुपारी उकाडा, चारच्या सुमाराला धुळीचा लोट आणि मग टपोरे थेंब, नाहीतर नुसताच गडगडाट आणि काहीच नाही. यावेळी चार पत्रं घेतलीत.

प्रश्न : कुरडयांसाठी गहू भिजत घातले आणि आता फोनवर गुरुवारपासून सलग पाच दिवस ढग-विजेचं चित्र दिसतंय. गहू काय फेकून देता येत नाहीत, करू काय? (एक ताई, कराड)

उत्तर : ताई, गहू फेकू नका हो! त्या चित्राचा अर्थ दिवसभर पाऊस असा नसतो, दिवसात कधीतरी गडगडाट होऊ शकतो एवढंच ॲपला म्हणायचं असतं. वळीव हा दुपारनंतरचा गडी. जमीन तापते, खालची दमट हवा वर उसळते, ढग उभाच्या उभा दहा-बारा किलोमीटर चढतो आणि तीन-चारच्या पुढे कोसळतो, तास-दीड तासात खेळ खलास. म्हणजे सकाळचं ऊन बहुतेक वेळा तुमचंच असतं. पहाटे चीक शिजवायला घ्या, आठच्या आत सगळ्या कुरडया साच्यातून पडलेल्या पाहिजेत आणि एकच मोठा प्लास्टिकचा कागद अंथरू नका, तो चौघांनी धरून उचलेपर्यंत निम्म्या कुरडया मोडतात. छोटे छोटे तुकडे करून घ्या, एकटीला उचलता येतील असे. एक वाजला की आत, पंख्याखाली, मग बाहेर कितीही चकचकीत ऊन असू दे. आमच्याकडे एकदा मी "ढग अजून लांब आहे" म्हणत गच्चीत उभा राहिलो होतो, पंधरा मिनिटांत कुरडयांचा परत चीक झाला, ते मी घरात अजून ऐकतोय.

आणि पुढच्या घाण्याचं गणित वेगळं करा. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, म्हणजे अंदाज बघायचा तो गहू भिजत घालायच्या दिवशी आणि तोही पुढच्या चौथ्या-पाचव्या दिवसाचा. तिथपर्यंतचा अंदाज बऱ्यापैकी धरून चालता येतो, सातव्या दिवसाचं चित्र म्हणजे नुसता कल. बाकी त्या दिवशी सकाळी वर बघा, दहाच्या आतच फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहायला लागले आणि अंगावरचा घाम सुकेना, तर दुपार धोक्याची समजा.

प्रश्न : बातम्यांत "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणाले म्हणून निवांत होतो, तर आमच्याकडे गारा पडल्या, काढून ठेवलेला कांदा भिजला. दोन किलोमीटरवर भावाच्या रानात थेंब नाही. मग अंदाजाला अर्थ काय? (एक शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : दादा, राग रास्त आहे, पण घोळ त्या शब्दाचा आहे. "तुरळक" म्हणजे हलका पाऊस नव्हे, कमी ठिकाणी पाऊस. हवामान खात्याच्या हिशोबात त्या भागातल्या शंभरातल्या पंचवीसपर्यंत केंद्रांवर पाऊस होणार असेल तर तुरळक. ज्या ठिकाणी पडेल तिथे तो किती पडेल, गारा येतील का, हे त्या शब्दात नसतंच. हे बातम्या वाचणारे सांगत नाहीत हे मात्र खरं. या दिवसांत बंगालच्या उपसागरावरून येणारं दमट वारं आणि वायव्येकडचं कोरडं वारं बऱ्याचदा मराठवाडा-विदर्भाच्या आसपास भिडतं, त्या पट्ट्यात ढग उठतात आणि एकेक ढग पाच-दहा किलोमीटरचा असतो. तो तुमच्यावर फुटणार की भावावर, हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून या आठवड्यात एकदम सगळा कांदा उपटू नका, ताडपत्रीत मावेल तेवढाच काढा. झाकलेला कांदा सकाळी ऊन आलं की लगेच उघडा, नाहीतर आतल्या वाफेनंच सडतो. आणि भिजलेला कांदा "सुकेल की" म्हणून चाळीत चांगल्यात मिसळू नका, एक सडका शेजारच्या दहांना घेऊन जातो. फोनवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं "दामिनी" ॲप टाकून ठेवा, आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगतं. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, ताडपत्री टाकायला धावू नका, झाडाखाली तर मुळीच नाही. कांदा परत लावता येतो.

प्रश्न : शनिवारी संध्याकाळी मोकळ्या लॉनवर लग्न आहे, जिल्ह्याला यलो अलर्ट. रद्द करायचं का? (मुलीचे वडील, सोलापूर)

उत्तर : नाही हो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. पण पावसापेक्षा वाऱ्याची काळजी करा. 13 मे 2024 ला मुंबईत असंच दुपारचं धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली, तेही वळवाचंच वारं होतं. मंडपवाल्याला दोऱ्या, खुंट्या, लोखंडी कमान सगळं दाखवायला लावा, जेवणाची पंगत पक्क्या छताखाली घ्या, आणि शनिवारी दुपारपासून हवामान खात्याचा तीन तासांचा तात्काळ इशारा बघत रहा. सात दिवसांचा अंदाज हॉल बुक करायला, तीन तासांचा अंदाज पाहुणे आत घ्यायला.

प्रश्न : मे महिन्यातच एवढा पाऊस, म्हणजे मान्सून लवकर येणार ना? पेरणीची तयारी करू का? (एक तरुण वाचक, परभणी)

उत्तर : वळीव आणि मान्सूनचा तसा संबंध लावता येत नाही. 2025 मध्ये मान्सून खरंच लवकर आला, 24 मे ला केरळात आणि 26 मे ला मुंबईत, एरवीची तारीख 1 जून आणि 11 जून, पण ते एक वर्ष झालं, नियम नाही. नांगरट, कुळवणी उरकून घ्या, वळवाची ओल त्यासाठी मस्त. बियाण्याची पिशवी मात्र फोडू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही, आणि तो पाऊस मोजायचा मान्सून आल्यावर.