ऑइल सेपरेटर बदलला, तरी इंजिन थरथरतंय?

अरे, लगेच इंजेक्टर उघडू नकोस. तुझ्या बीएमडब्ल्यू ई४६ च्या एम५४ इंजिनात सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफांमधून ऑइल वेगळं करणारा भाग, इनटेक मॅनिफोल्डखाली (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) दडलेला असतो. तिथे हात घालताना जुने, कडक झालेले होज हमखास तडकतात. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०१७४ हे दोन्ही फॉल्ट कोड (मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी) एकत्र आले, तर कुठून तरी चोरून हवा आत जातेय, हा माझा पहिला संशय. स्मोक टेस्ट (इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधणं) करून घे, पैसे वसूल होतात. डिपस्टिकच्या नळीत जाणारी ऑइलची परतवाट तुंबलीय का, तेही बघ. प्लग काढ; एखादाच तेलकट निघाला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपास. निळा धूर मात्र थोडे दिवस येऊ शकतो, मॅनिफोल्डमध्ये साचलेलं ऑइल जळायला वेळ लागतो. धूर पांढरा असेल आणि कूलंटही घटत असेल, तर गाडी चालवूच नकोस.