परदेशात नव्याने गेलेल्या माणसाला तिथल्या लोकांचा, मंडळांचा आधार खरंच कामी येतो का?

येतो, आणि पहिल्या वर्षी तर सगळ्यात जास्त. मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली गलाई माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, काही थेट नेपाळात गेली. दुष्काळानं बाहेर काढलं, पण तिकडं टिकवलं ते गाववाल्यांनी. नवखं पोरगं आधी ओळखीच्याच दुकानात झोपतं, भट्टीवर मूस धरायला शिकतं, आणि कुठला सराफ उधारी बुडवतो हे त्याला जेवता जेवता कळतं. कुठल्या कचेरीत मिळणार हे?

निर्वासितांचं जास्त अवघड. घाईत सगळं सोडून आलेल्यांचा गाववाला बहुधा पुढं गेलेलाच नसतो, मग तिथल्याच लोकांना हात द्यावा लागतो. कॅनडात 2024 पर्यंत पाच जण एकत्र येऊन निर्वासित कुटुंबाची साधारण वर्षभराची जबाबदारी घ्यायला अर्ज करू शकत होते. घरभाडं, पोरांची शाळा, डॉक्टर, बस कशी पकडायची इथपर्यंत. 1979-80 मध्ये व्हिएतनाममधून आलेले हजारो लोक तिथं असेच रुजले. आपल्या शेजारी, कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही 1943 ते 1948 पोलंडचे सुमारे 5000 निर्वासित राहिले. त्यांच्या छावणीत त्यांच्याच शाळा होत्या, चर्चही होतं.

एक मात्र आहे. आपल्याच माणसांत राहिलं की तिथली भाषा शिकायची राहून जाते. पगार कमी दिला तरी ‘आपलाच शेट’ म्हणून तोंड उघडत नाही. तेव्हा खोली खुशाल गाववाल्याकडं घ्या, पासपोर्ट मात्र स्वतःच्याच पेटीत ठेवा.