गंडीकोटा: दरी बघून लगेच परत फिरू नका

पुण्याहून दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन तीन दिवसांत आंध्र प्रदेशातला गंडीकोटा, म्हणजे पेन्ना नदीच्या दरीवरचा किल्ला, होईल का आणि तिथे फोटो काढण्यापलीकडे काही आहे का, असं विचारलंय. होईल, आणि भरपूर आहे, फक्त एक रात्र तिथे मुक्काम कराच. बरेच जण दुपारी पोचतात, उन्हात दरी बघतात, सेल्फी काढतात आणि संध्याकाळी बंगलोरच्या रस्त्याला लागतात, मग म्हणतात ठीक आहे. दुपारच्या उन्हात तो खडक अगदी सपाट दिसतो हो! सकाळी तिरपं ऊन आलं की तोच लालसर होतो आणि एकेक थर वेगळा दिसायला लागतो.

आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या कातळाची सवय असलेल्यांना हा खडक खूप वेगळा वाटतो. हा क्वार्ट्झाइट आहे, म्हणजे वाळूचा खडक दाबला जाऊन झालेला कठीण दगड, आडवे थर आणि त्यांना उभ्या चिरा, त्यामुळे पेन्ना नदीने कापत नेलं तसे चौकोनी ठोकळे सुटत गेले आणि कडे सरळ उभे राहिले, लांबून बघितलं तर धान्याच्या पोत्यांची थप्पी लावल्यासारखे दिसतात. मुलांना हे तिथे बसून दाखवा, फार छान कळतं त्यांना.

दरीचा पॉइंट किल्ल्याच्या आतच आहे, मशिदीच्या मागे मोठमोठ्या दगडांवरून चालत जायचं. कड्याला कठडा नाही हे नीट लक्षात घ्या, मुलांचा हात सोडायचा नाही आणि अंधारात टॉर्चशिवाय जायचं नाही. पहाटे जाणार असाल तर आदल्या संध्याकाळीच वाट बघून ठेवा.

कयाकिंग मात्र चुकवू नका. खालच्या अंगाला मैलवरमचं धरण आहे, त्याच्या फुगवट्यामुळे पाणी बरंचसं संथ असतं, नवख्यांनाही जमतं. पण पाण्याची पातळी कमीजास्त होते म्हणून चालू आहे का ते निघायच्या आधी फोन करून विचारा, आणि लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का हे स्वतः बघा, मोठ्यांचं घालून दोऱ्या आवळल्या तर मुळीच चालवून घेऊ नका. नदीपर्यंत चालत उतरायची वाट उभी आणि दगडांची आहे, मुलांना नको. मोठ्यांना जायचंच असेल तर गावातला माणूस सोबत घ्या. तंबूत राहायची सोय होते, शिवाय आंध्र टुरिझमचं हॉटेल आहे, मुलं असतील तर मी हॉटेल म्हणेन.

किल्ल्याला अख्खी सकाळ द्या. माधवराय मंदिराचं गोपुर, रंगनाथ मंदिर, जामा मशीद आणि तिला लागून असलेलं धान्याचं कोठार, सगळं चालत होतं. १७व्या शतकात गोवळकोंड्याच्या सुलतानाचा सरदार मीर जुमला याने हा किल्ला घेतला आणि १६५२ मध्ये फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निए त्याला इथेच भेटला होता. बाजूला एवढी खोल दरी असताना किल्ला कसा घेतला असेल हा प्रश्न मुलांना विचारून बघा, तटावरून फिरताना त्यांचं डोकं चालायला लागतं.

जायला ट्रेन बरी. पुणे-सोलापूर-गुंतकल मार्गे चेन्नईला जाणाऱ्या लाइनवर मुद्दनूर स्टेशन लागतं, सगळ्या गाड्या थांबत नाहीत, नसेल तर ताडिपत्री स्टेशनला उतरून गाडी करा. गाडी दिवसभरासाठीच ठरवा कारण गावात ऐनवेळी काही मिळत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट, एप्रिल-मेमध्ये कडप्पा जिल्ह्यात ऊन भयंकर असतं, मुलांना अजिबात नेऊ नका. परतताना हाताशी अर्धा दिवस असेल तर साधारण ६० किलोमीटरवर बेलमच्या गुहा आहेत, जमिनीखालून सव्वातीन किलोमीटर लांब, त्यातला काही भाग बघायला खुला आहे. आत दमट आणि गरम होतं, पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि तिथूनच ताडिपत्रीला जाऊन रात्रीची गाडी पकडा.