वाचकांचे प्रश्न : सायकल, धूर आणि छाती

प्रश्न : नागपुरात सोनेगावहून सिव्हिल लाइन्सला रोज सकाळी सातला वर्धा रोडने सायकलवर जातो. डिसेंबर लागला की घसा खवखवतो, दिवसभर कोरडा खोकला असतो. कापडी मास्क लावतो, ॲपवरही हवा ‘मध्यम’ दिसते. मग त्रास का?

उत्तर : ॲपवरचा निर्देशांक साधारण मागच्या 24 तासांची सरासरी असतो. सातला तुमच्या नाकासमोर काय आहे, ते त्यातून कळत नाही. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वरची तिच्याहून उबदार. धूर वर चढतच नाही, आणि त्यात कडेला पेटवलेल्या पालापाचोळ्याची भर. ऊन चढल्यावर हवा हलते. वेळ बदलणं शक्य नसेल तर रस्ता तरी बदला. वर्धा रोडवरच्या डबल डेकर पुलाखाली धूर घुटमळतो. खामला, बजाजनगर, रामदासपेठ असं आतून गेलात तर थोडा वेळ जास्त लागेल, पण मुख्य रस्त्यापासून लांब जाल तसा गाड्यांचा धूर झपाट्याने विरतो.

सिग्नलला बसच्या मागे उभं राहू नका आणि हिरवा दिवा लागताच जोर लावू नका. बसल्या जागी आपण मिनिटाला 6 ते 8 लिटर हवा घेतो, पायडल मारताना 30-40 लिटर सहज. त्यापुढे तोंड उघडतं आणि नाकाची गाळणी बाजूलाच राहते.

कापडी मास्क धुरातले अगदी बारीक, 2.5 मायक्रॉनचे कण नीट अडवत नाही. काढल्यावर नाकाच्या बाजूला गालावर काळपट रेघ दिसते का, बघा. हवा तिथूनच आत गेलेली असते. डोक्यामागून दोन पट्टे जाणारा एन-95 घ्या आणि नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. मग तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा; डोळ्यांकडे वारा लागला तर तो गळतोय. दोन दिवसांची दाढी असली तरी गळतो. घामाने ओला झाला की बदला. मात्र वायूंना तो अडवत नाही, म्हणून रस्ता बदलणं आधी.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर धुरावर ढकलून मोकळं होऊ नका. डॉक्टरांना दाखवा; एक्स-रे, थुंकीची तपासणी आणि स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) यांतलं काय लागेल ते डॉक्टरच सांगतील.

प्रश्न : मुलीला दमा आहे, वय 14. सायकलने शाळेत पाठवू का?

उत्तर : जरूर पाठवा, पण पीक फ्लो मीटर (फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारं छोटं यंत्र) घरात ठेवा. दमा काबूत असताना दोन आठवडे रोज सकाळी उभं राहून तीन फुंकी, त्यातला मोठा आकडा लिहून ठेवा. सर्वांत चांगला आकडा 300 आला असेल, तर ज्या दिवशी आकडा 240 च्या खाली जाईल त्या दिवशी ऑटोने पाठवा. 150 च्या खाली गेला तर आरामाचा पंप (दम लागल्यावर लगेच आराम देणारा) स्पेसरने, म्हणजे पंपाला जोडायच्या नळीतून, देऊन लगेच डॉक्टर गाठा. निघाल्यावर पहिली दहा मिनिटं सायकल हळू चालवू द्या. बरं वाटतंय म्हणून रोजचा प्रतिबंधक पंप बंद करणं ही घरोघरची चूक आहे. थंडीत दमा उसळण्याचं तेही एक मोठं कारण. तो पंप स्टेरॉइडचा असेल तर घेतल्यावर चूळ भरायला लावा.