मिक्सरचा प्लग कापावा की नाही

भारतातून इंग्लंडमधल्या लीड्सला येताना किती अडॅप्टर आणावेत आणि मिक्सर सोबत घ्यावा का, असे आपण विचारले आहे. प्रश्न दोन ओळींचा आहे; उत्तर लांबले तर क्षमा असावी. वीज तिकडेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची आणि इकडेही तीच, हे आपल्याला कुठेही वाचायला मिळेल. अडचण आहे ती पिनांच्या आकाराची. आपल्याकडचा गोल पिनांचा प्लग मुळात इंग्रजांचाच, 1934 च्या बीएस (ब्रिटिश स्टँडर्ड) 546 या मानकातला. 1947 साली ते आपल्याकडून गेले आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःसाठी चपट्या पिनांचे बीएस 1363 काढले. आपण जुनेच सांभाळत बसलो.

अडॅप्टर शक्यतो आणूच नयेत. लॅपटॉपचा चार्जर, मॉनिटर, प्रिंटर यांची वायर बहुधा यंत्राच्या बाजूनेही सुटी होते: चार्जरला तीन पाकळ्यांचे सी-5 नावाचे टोक, मॉनिटरला जाडसर सी-13, लहान यंत्रांना इंग्रजी आठच्या आकाराचे सी-7. ही टोके जगभर सारखी असल्यामुळे यंत्रावर 'इनपुट 100-240' एवढे पाहून घ्यावे आणि भिंतीकडची वायर इथे आल्यावर विकत घ्यावी. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर मात्र तिथेच ठेवून यावा, कारण इथल्या सॉकेटच्या फटींना आतून झडपा असतात आणि अर्थिंगची लांब पिन आत गेल्याशिवाय त्या सहसा उघडत नाहीत. आपल्यापैकी अनेक जण पहिल्या आठवड्यात त्या झडपा उघडायला अर्थिंगच्या फटीत बॉलपेन खुपसतात. मीही खुपसले होते, आपण खुपसू नये.

'सर्व देशांत चालणारा' म्हणून विकल्या जाणाऱ्या ठोकळ्यांवर माझा राग आहे. त्यांतल्या पुष्कळांत अर्थिंगची जोडणीच नसते, गोल पिन सैल बसते, आणि सैल जोड तापतो. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात असा ठोकळा लावून मी इस्त्री केली आणि सॉकेटच्या पांढऱ्या पट्टीवर चहाच्या ओघळासारखा डाग उठला. चूक माझीच होती. पण घर सोडताना एजंटाने त्या डागापायी अख्ख्या भिंतीच्या रंगाचे पैसे अनामत रकमेतून कापले, आणि ते परत मिळवण्यासाठी मी चार महिने फोटो, सामानाची यादी आणि पुन्हा तीच यादी पाठवत राहिलो. पैसे मिळाले नाहीत.

मुलीच्या शाळेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण तेही प्लगचेच आहे. इथे विज्ञानाच्या तासाला तीन पिनांच्या प्लगची आकृती देऊन वायरींचे रंग विचारतात: फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थ हिरवी-पिवळी. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने लाल, काळी, हिरवी असे लिहिले, कारण नाशिकला माझ्या शेजारी बसून तिने तसाच प्लग जोडला होता. शून्य गुण मिळाले आणि बाजूला 'धोकादायक' असा शेरा. उत्तर इथले हवे, हे मला मान्य आहे; पण याच देशातल्या भिंतींत 2004 पर्यंत लाल-काळ्या वायरी सर्रास घातल्या जात होत्या, आणि असंख्य घरांत त्या अजून आहेत. एवढे सांगण्यासाठी मी पालकसभेला गेलो आणि न सांगताच परत आलो. मुलीने पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरला नाही.

एकटेपणाचेही आपण विचारले आहे. तो पहिल्या हिवाळ्यात फार असतो, पुढे कमी होतो.

मिक्सर अवश्य आणावा, त्याचा प्लग सरळ कापावा आणि इथला लावावा. इथल्या प्लगच्या पोटात फ्यूज असतो, तो वायरीच्या रक्षणासाठी. 750 वॅटचा मिक्सर साधारण सव्वातीन अँपिअर घेतो. 3 चा फ्यूज त्याला अपुरा, 13 चा आपल्या बारीक वायरीला जास्त, म्हणून 5 चा घालावा. हे मी ठामपणे लिहितो आहे खरे, पण आमच्या मिक्सरचा प्लग मी सात वर्षे कापला नव्हता. नाशिकहून आणलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाला इथला प्लग लावून तो त्यावरच चालवत होतो, आणि परत जाताना पुन्हा गोल पिना बसवण्याचा व्याप नको, असे पत्नीला सांगत होतो. एका रविवारी तिने मला न विचारता तो कापला, नवा बसवला आणि शेंगदाण्याची चटणी केली. फ्यूज तिने 13 चाच राहू दिला होता. रात्री सगळे निजल्यावर मी उठून 5 चा घातला आणि कापलेला प्लग केराच्या डब्यातून काढून खणात ठेवला.